हुंडी, वारूळ आणि शिलावर्तुळ : सर जॉन लबक (लॉर्ड एव्हबरी) यांच्या कार्यपद्धतीचा एक विचार

‘पुराश्मयुग’ आणि ‘नवाश्मयुग’ हे दोन शब्द मराठी विद्यार्थ्याला इतिहासाच्या अगदी आरंभीच्या पाठांतच भेटतात. त्यांची घडण संस्कृत असली तरी त्यांच्यामागील कल्पना अनुवादित आहे. ‘जुना दगड’ आणि ‘नवा दगड’ या अर्थाचे ग्रीक घटक जोडून ‘पॅलिओलिथिक’ व ‘निओलिथिक’ ही नावे प्रथम १८६५ साली ‘प्रीहिस्टॉरिक टाइम्स’ या इंग्रजी ग्रंथात योजिली गेली आणि आपल्या परिभाषाकारांनी ती शब्दशः मराठीत आणली. ही नावे देणारे गृहस्थ विद्यापीठात शिकलेले नव्हते आणि व्यवसायाने उत्खननकारही नव्हते. लंडनच्या लॉम्बर्ड स्ट्रीटवरील एका वडिलोपार्जित पेढीचे ते भागीदार होते. इंग्लंडमध्ये ज्या सुट्ट्यांना आजही ‘बँक हॉलिडे’ म्हणतात, त्या कायद्याने मिळवून देणारे खासदारही तेच. जॉन लबक हे त्यांचे नाव. १९०० सालापासून ते लॉर्ड एव्हबरी झाले.

बँकर, कीटकशास्त्रज्ञ, पुरातत्त्वविद, खासदार, लोकप्रिय निबंधकार आणि अखेरीस उमराव, असे हे चरित्र आहे. एवढ्या क्षेत्रांत संचार करणाऱ्या माणसाविषयी अभ्यासकांच्या मनात सहसा एक शंका असते : हा हौशी गृहस्थ तर नव्हे? लबक यांच्याविषयी ही शंका त्यांच्या हयातीतही घेतली गेली आणि ती सर्वस्वी निराधार नाही. परंतु प्रस्तुत लेखकास असे वाटते की, त्यांच्या या सर्व उद्योगांच्या मुळाशी एकच वृत्ती आहे आणि ती पेढीवर घडलेली आहे. नोंद ठेवणे, खाते जुळवणे, कोणाचे देणे कोणावर आणि केव्हा येते हे नेमके पाहणे, ही ती वृत्ती होय. तिने त्यांना काय साध्य करता आले आणि ती कोठे अपुरी पडली, एवढाच येथील विवेचनाचा विषय आहे.

लबक यांचा जन्म ३० एप्रिल १८३४ रोजी लंडन येथे झाला. वडील सर जॉन विल्यम लबक हे बॅरोनेट, पेढीचे मालक आणि शिवाय गणित व खगोलशास्त्र यांतील मान्यवर अभ्यासक होते. तेव्हा हिशेब आणि विज्ञान यांचा एकत्र संसार या घरात आधीपासूनच होता. १८४० च्या सुमारास हे कुटुंब केंट परगण्यातील डाउन गावाजवळच्या हाय एल्म्स या मिळकतीवर राहावयास गेले. तेथील एक आठवण लबक यांच्या सर्वच चरित्रकारांनी सांगितली आहे. एके दिवशी वडिलांनी मुलाला म्हटले की, तुझ्यासाठी मोठी आनंदाची बातमी आहे. आपल्यासाठी तट्टू आणले असावे असे मुलाला वाटले. बातमी निघाली ती चार्ल्स डार्विन नावाचे गृहस्थ शेजारी राहावयास येणार असल्याची! आठ वर्षांच्या मुलाची घोर निराशा झाली. पण १८४२ साली डार्विन खरोखरच डाउन येथे आले आणि त्या मुलाला विद्यापीठ मिळाले ते या शेजाराच्या रूपाने. मुलाला सूक्ष्मदर्शक घेऊन द्यावा म्हणून वडिलांचे मन वळविणारेही डार्विनच होते.

औपचारिक शिक्षण मात्र लवकरच संपले. ईटन येथे काही वर्षे काढल्यावर, वयाची पंधरा वर्षे पुरी होण्याच्या सुमारास, त्यांना शाळेतून काढून थेट पेढीवर बसविण्यात आले. पेढीला घरच्या माणसाची गरज होती. १८५६ साली, बावीसाव्या वर्षी, ते भागीदार झाले. ज्या माणसाने विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढली नाही, तो पुढे लंडन विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि तब्बल वीस वर्षे त्याच विद्यापीठाच्या मतदारसंघाचा संसदेतील प्रतिनिधी राहिला. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये हे शक्य होते. आज पदव्यांच्या प्रमाणपत्रांवाचून आपल्याकडे साधे व्याख्यातापद मिळणार नाही.

पेढीवरील त्यांच्या कामाकडे चरित्रकार ओझरते पाहून पुढे जातात. तेथे थोडे थांबणे आवश्यक आहे. लंडनमधील बँका परस्परांवरील धनादेश समाशोधन गृहात एकत्र आणून, देण्याघेण्याची वजावट करून, उरलेल्या फरकाचाच भरणा करीत असत. ही सोय लंडनपुरती होती. बाहेरगावच्या बँकेवर काढलेला धनादेश मात्र टपालाने त्या गावी पाठवावा लागे आणि मग ती बँक आपल्या लंडनमधील अडत्यामार्फत पैसे भरी. प्रत्येक धनादेशामागे स्वतंत्र पत्रव्यवहार, स्वतंत्र भरणा, स्वतंत्र विलंब. १८५८ साली बाहेरगावच्या धनादेशांसाठीही सामायिक समाशोधनाची व्यवस्था सुरू झाली आणि तिच्या योजनेचे श्रेय चोवीस वर्षांच्या लबक यांना दिले जाते. याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले, हा योगायोग लक्षणीय आहे. आपल्या पेढीतील कोट्यवधींच्या जमारकमांचे पृथक्करण करून त्यांनी पुढे असे दाखवून दिले की, त्या उलाढालीत प्रत्यक्ष नाण्यांचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. बाकी सारा व्यवहार कागदाचा आणि विश्वासाचा. अर्थशास्त्राच्या ग्रंथांत हे आकडे पुढे वारंवार उद्धृत झाले. १८७९ साली बँकर्स इन्स्टिट्यूट स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडेच चालत आले.

हाच हिशेबनीस घरी मुंग्या पाळीत असे. दोन काचांच्या मध्ये माती घालून त्यात वारूळ वसवावयाचे, मुंग्यांच्या अंगावर रंगाचे ठिपके देऊन एकेकीची ओळख निश्चित करावयाची आणि मग कोणती मुंगी किती वाजता कोठे गेली याची नोंद करावयाची, अशी त्यांची पद्धत होती. खातेवहीत प्रत्येक ग्राहकाचे पान स्वतंत्र असते. येथे प्रत्येक मुंगीचे होते. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अँट्स, बीज अँड वॉस्प्स’ या ग्रंथातील एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. एका वारुळातील मुंग्या परस्परांना कशा ओळखतात, काही खूण किंवा परवलीचा शब्द असतो काय, हे त्यांना पाहावयाचे होते. म्हणून त्यांनी काही मुंग्यांना मद्याने बेशुद्ध केले, म्हणजे त्यांना परवलीचा शब्द सांगताच येऊ नये! त्यांत निम्म्या त्याच वारुळातील होत्या आणि निम्म्या परक्या. शुद्धीवरील मुंग्यांनी आपल्या बहुतेक भगिनींना उचलून घरी नेले आणि परक्यांना भोवतीच्या पाण्यात लोटून दिले. ओळख शब्दावर अवलंबून नाही, हा निष्कर्ष निघाला. अतिनील किरण आपल्याला दिसत नाहीत, पण मुंग्यांना जाणवतात, हेही त्यांनी दाखवून दिले. त्या किरणांखाली ठेवलेल्या अळ्या मुंग्या अंधाऱ्या जागी हलवीत. १८७४ साली पकडलेली एक राणी मुंगी १८८८ पर्यंत त्यांच्या घरी जगली. तेरा वर्षांहून अधिक काळ एका मुंगीची नोंद सांभाळणारा माणूस हौशी म्हणावा काय, हे वाचकांनीच ठरवावे. आपल्या ‘व्हॅन’ नावाच्या कुत्र्याला शब्द लिहिलेली पुठ्ठ्याची पत्रे ओळखावयास शिकविण्याचा त्यांचा उद्योग मात्र तत्कालीन विनोदी पत्रांना चांगलाच पुरला.

राजकारणात त्यांचा प्रवेश सुकर नव्हता. १८६५ आणि १८६८ या दोन्ही निवडणुकांत वेस्ट केंट मतदारसंघात त्यांचा पराभव झाला. १८७० च्या पोटनिवडणुकीत मेडस्टोन येथून लिबरल पक्षाचे उमेदवार म्हणून ते निवडून आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ‘बँक हॉलिडेज ॲक्ट’ संमत करून घेतला.

या कायद्याची युक्ती समजून घेतली पाहिजे, कारण तीत लबक यांची सारी प्रकृती आली आहे. बँक ऑफ इंग्लंड पूर्वी संतांच्या स्मरणार्थ वर्षातून तीसहून अधिक दिवस बंद असे. १८३४ साली, म्हणजे योगायोगाने लबक यांच्या जन्मवर्षीच, या सुट्ट्या चारांवर आणण्यात आल्या. कारकुनांना अधिक सुट्टी द्यावी असे अनेकांना वाटे. पण अडचण सद्भावनेची नसून हुंडीची होती. हुंडीची मुदत ज्या दिवशी भरते त्या दिवशी बँकेचे दार बंद असेल, तर हुंडी नाकारली गेली असे होऊन देणेकऱ्याची पत जाईल. रविवार, नाताळ आणि गुड फ्रायडे या दिवशी मुदत भरणारी हुंडी आदल्या दिवशी देय होई. म्हणजे सुट्टी वाढवावी, तर प्रत्येक देणेकऱ्याला एक दिवस आधी पैसे उभे करावे लागणार. लबक यांनी विधेयकात हे उलटे केले. नव्या सुट्टीच्या दिवशी देय होणारी हुंडी दुसऱ्या दिवशी देय समजावी. आता तक्रार करावयास कोणीच उरले नाही. देणेकऱ्याला एक दिवस अधिक मिळाला आणि धनकोचे पैसे दुसऱ्या दिवशी सुरक्षित. ईस्टरचा सोमवार, व्हिटसनचा सोमवार, ऑगस्टचा पहिला सोमवार आणि नाताळचा दुसरा दिवस, असे चार दिवस इंग्लंडसाठी ठरले. स्कॉटलंडची यादी निराळी होती. बँका बंद राहिल्या की पेढ्या आणि कचेऱ्या बंद होणार, त्या बंद झाल्या की दुकाने, आणि हळूहळू सारे गाव. कायद्यात कामगारांच्या विश्रांतीविषयी मोठाले शब्द नव्हते. सुट्टीचे नाव ‘राष्ट्रीय’ असे ठेवले असते तर विरोध झाला असता, ‘बँक’ या शब्दाने तो टळला, असे लबक यांनी पुढे स्वतःच सांगितले. लोकांनी मात्र ऑगस्टमधील दिवसाला गमतीने ‘संत लबक दिन’ असे नाव देऊन टाकले.

भारतीय वाचकाला या ठिकाणी आपला परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ आठवल्यावाचून राहणार नाही. महाराष्ट्र शासन दरवर्षी सार्वजनिक सुट्ट्यांची जी अधिसूचना काढते, ती याच अधिनियमाच्या कलम २५ च्या आधारे. एवढेच नव्हे तर वार्षिक हिशेबासाठी १ एप्रिल रोजी केवळ बँकांना मिळणारी सुट्टीही तिच्यातच असते. गणेशचतुर्थी असो वा ईद, तिचा सार्वजनिक सुट्टी म्हणून कायदेशीर आधार हुंड्या आणि वचनचिठ्ठ्यांच्या कायद्यात आहे, ही गोष्ट महाराष्ट्राबाहेरच्या वर्गात मराठी शिकविताना विद्यार्थ्यांना सांगितली की ते आधी हसतात आणि मग विचारात पडतात. परंतु एक भेद आहे. कलम २५ प्रमाणे सुट्टीच्या दिवशी मुदत भरणारा संलेख लगतच्या आदल्या कामकाजाच्या दिवशी देय होतो. म्हणजे लबक यांनी दहा वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये केलेला बदल भारताच्या कायद्यात आला नाही. येथे जुनाच नियम राहिला.

हुंडीच्या बाबतीत जे साधले ते दगडांच्या बाबतीत साधले नाही. विल्टशायरमधील एव्हबरी येथे प्रचंड शिलांचे प्रागैतिहासिक वर्तुळ आहे. ते इतके विस्तीर्ण की गावाचा बराचसा भाग त्याच्या आतच वसलेला आहे. बांधकामासाठी तेथील शिला फोडण्याचा प्रकार दीर्घकाळ चालला होता. १८७१ च्या सुमारास वर्तुळातील जमिनीवर घरे उठण्याची वेळ आली, तेव्हा लबक यांनी ती जमीन स्वतः विकत घेतली. ही पेढीवाल्याची तऱ्हा झाली. जे वाचवावयाचे ते आपल्या खात्यावर घ्यावयाचे. परंतु देशातील प्रत्येक स्मारक विकत घेणे कोणालाही शक्य नव्हते. म्हणून १८७३ साली त्यांनी प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचे विधेयक मांडले. मालक स्मारक नष्ट करू लागला तर शासनाला हस्तक्षेप करता यावा, अशी त्यात तरतूद होती आणि नेमकी तीच संसदेला रुचली नाही. आपल्या शेतातील दगडाचे काय करावे हे मालकाला सांगणारे सरकार कोण, हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला गेला. विधेयक पुनःपुन्हा मांडले गेले आणि पुनःपुन्हा पडले. १८८२ साली अखेर जो कायदा झाला तो दात काढलेला होता. परिशिष्टातील सुमारे सत्तर स्मारकांचे मालक इच्छा असल्यास ती शासनाच्या देखरेखीखाली देऊ शकत. सक्ती कोणावरही नव्हती. जनरल पिट रिव्हर्स हे पहिले निरीक्षक नेमले गेले. प्रथम पत्नी एलेन यांच्या निधनानंतर लबक यांनी १८८४ मध्ये त्यांच्याच कन्येशी विवाह केला.

आपल्याकडे लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत १९०४ साली प्राचीन स्मारकांच्या जतनाचा अधिनियम झाला. संकटात असलेले संरक्षित स्मारक भूसंपादन कायद्याखाली सक्तीने ताब्यात घेण्याचा अधिकार त्यात शासनाला देण्यात आला. इंग्लंडमध्ये लबक यांना जे मिळाले नाही, ते भारतात शासनाने स्वतःकडे घेतले. स्मारकांच्या दृष्टीने हे इष्टच झाले. परंतु खासगी मालकीचे पावित्र्य वेस्टमिन्स्टरमध्ये अभेद्य होते आणि वसाहतीत ते सहज बाजूला ठेवता आले, याची नोंद घेतलीच पाहिजे.

त्यांच्या संसदीय कारकिर्दीतील इतर प्रकरणांचा येथे उल्लेखच पुरे. दुकानांतील नोकरांचे कामाचे तास कमी व्हावेत यासाठी त्यांनी तीस वर्षे पाठपुरावा केला. १८८६ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील नोकरांसाठी आठवड्याला चौऱ्याहत्तर तासांची मर्यादा घातली, यावरून मूळ स्थिती काय असेल याची कल्पना येते. १८८४ साली प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा पुरस्कार करणारी संस्था त्यांनी स्थापिली. मतांचाही हिशेब चोख असावा, ही त्यामागची ओढ. आयर्लंडच्या स्वराज्याच्या प्रश्नावर १८८६ मध्ये ते ग्लॅडस्टन यांच्यापासून दूर झाले. १८८२ साली डार्विन निवर्तले तेव्हा कुटुंबीयांचा विचार त्यांना डाउन येथेच पुरण्याचा होता. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन व्हावे म्हणून खासदारांच्या सह्यांचे पत्र तेथील धर्माधिकाऱ्यांकडे पाठविणाऱ्यांत लबक अग्रभागी होते.

साहित्याच्या अभ्यासकाला त्यांचा परिचय असतो तो आणखी एका यादीमुळे. ९ जानेवारी १८८६ रोजी वर्किंग मेन्स कॉलेज या कामगारांच्या महाविद्यालयात, तेथील प्राचार्य या नात्याने, त्यांनी वाचनावर व्याख्यान दिले आणि वाचनीय अशा सुमारे शंभर पुस्तकांची यादी पुढे ठेवली. ‘पॉल मॉल गॅझेट’ने ती छापून मान्यवरांची मते मागविली आणि मोठा गदारोळ झाला. जॉन रस्किन यांनी तर यादीवर काट मारीत मारीत तिची दुर्दशा केली. रस्किन यांचा राग अनाकलनीय नाही. पुस्तकांची अशी टाचणखुणा करण्याजोगी यादी करणे यात काहीतरी दुकानदारी आहे, असे रसिकाला वाटणारच. पण ती यादी कोणासाठी होती हे रस्किन विसरले. ज्याच्यापाशी ग्रंथालय नाही, गुरू नाही आणि दिवसाकाठी वाचनाला जेमतेम एक तास आहे, अशा श्रोत्याला कोठून आरंभ करावा हे कोणीतरी सांगावेच लागते. शिवाय त्या यादीत होमर आणि शेक्सपिअर यांच्या जोडीला कन्फ्यूशिअस, कुराण आणि शाहनामा होते. टॅलबॉइज व्हीलर यांच्या इतिहासातील संक्षेपरूपाने महाभारत आणि रामायण होते. आणि कालिदासाचे ‘शाकुंतल’ही होते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ पुण्याच्या रंगभूमीवर १८८० साली आले. त्यानंतर सहाच वर्षांनी लंडनच्या कामगारांना तेच नाटक वाचावयास सांगितले जात होते. दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. तरीही मराठी वाचकाला त्या शेजारी ठेवाव्याशा वाटतात.

याच ठिकाणी लबक यांच्या विचारातील मोठी विसंगती समोर येते. महाभारताला आपल्या यादीत मानाने बसविणारा हा माणूस ‘प्रीहिस्टॉरिक टाइम्स’च्या उत्तरार्धात अंदमानचे रहिवासी, श्रीलंकेतील वेद्दा, ऑस्ट्रेलियातील आदिवासी यांना ‘आधुनिक रानटी’ या मथळ्याखाली एकत्र करतो आणि त्यांच्याकडे युरोपच्या अश्मयुगीन मानवाचा जिवंत पुरावा म्हणून पाहतो. १८७० च्या ‘द ओरिजिन ऑफ सिव्हिलायझेशन’ या ग्रंथात ही मांडणी अधिकच पक्की झाली. ज्यांच्यापाशी ग्रंथ होते त्यांना सन्मान आणि ज्यांच्यापाशी केवळ मौखिक परंपरा होती त्यांना तळाची पायरी, असा हा न्याय आहे. मुंगीच्या बाबतीत वर्षानुवर्षे स्वतः पाहिल्याशिवाय निष्कर्ष न काढणारे लबक माणसांच्या बाबतीत प्रवासी, मिशनरी आणि अधिकारी यांच्या ऐकीव वृत्तांतांवर विसंबले. येथे त्यांनी खाते तपासलेच नाही. दुसऱ्याने लिहिलेला आकडा तसाच पुढे ओढला. त्यांच्या ग्रंथांपैकी कालौघात सर्वाधिक जीर्ण झालेला भाग हाच आहे. त्याच ग्रंथातील दोन पारिभाषिक शब्द मात्र जगभर टिकले, कारण ते दगडांच्या प्रत्यक्ष तपासणीवर उभे होते.

जानेवारी १९०० मध्ये त्यांना उमरावपद मिळाले. पेढीवरून, जन्मगावावरून किंवा हाय एल्म्सवरून पदवी घेणे स्वाभाविक झाले असते. त्यांनी नाव घेतले ते एव्हबरीचे, म्हणजे ज्या शिलांना कायदा वाचवू शकला नव्हता आणि ज्यांच्यासाठी स्वतःचा पैसा मोजावा लागला होता त्यांचे. २८ मे १९१३ रोजी केंटच्या किनाऱ्यावरील किंग्जगेट कॅसल येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश संसदेने स्मारकांविषयीचा नवा कायदा संमत केला आणि धोक्यात आलेले स्मारक मालकाच्या इच्छेविरुद्धही संरक्षणाखाली घेण्याची तरतूद, १८७३ च्या विधेयकानंतर चाळीस वर्षांनी, इंग्लंडच्या कायद्यात आली.